सांडपाण्याचं मैदान

डबा आणला नाही तर खेळायचं नाही, हा नियम शिट्टीचा. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलीने घरून एक डबा सांडपाणी आणायचं. कपडे धुतलेलं, भांडी विसळलेलं, आंघोळीचं, कसलंही चालेल. ते कोपऱ्यातल्या खड्ड्यात ओतायचं आणि मगच बूट घालायचे. खड्ड्याच्या तोंडाशी जाळी, खाली खडी, मग वाळू, मग कर्दळीचा वाफा आणि पलीकडे टाकी. टाकीतलं पाणी नळीने गवताला. फाटकावर पाटी होती: 'या मैदानावर पिण्याच्या पाण्याचा थेंबही पडत नाही.' अक्षरं शिट्टीच्या नवऱ्याने रंगवलेली, वाक्य शिट्टीचं.

तिला शिट्टी म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी ती झोपतानाच काय ती काढायची, आणि तेही नवऱ्याने हात जोडले म्हणून. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा नवी सून पँट घालून धावते हे बघायला लोक कुंपणाला टेकून उभे राहत. आता त्याच लोकांच्या मुली तिच्याकडे फुटबॉल खेळत होत्या. शहरातल्या एका संस्थेने तिला नेमलं होतं. संस्थेचं म्हणणं असं, की खेळ नुसता खेळ नाही. खेळातून पाणी वाचावं, गावाने एकमेकांना धरून राहावं, मुलींनी मान वर करून चालावं. शिट्टीला हे मनापासून पटलं होतं. नुसता पगार घेणारी असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

नवरा मैदानाचा माळी. गवत कापणं, रूळ फिरवणं, चुन्याच्या रेघा मारणं आणि रोज संध्याकाळी जाळी झटकणं ही त्याची कामं. बोलायचा कमी. शिट्टी दोघांपुरतं बोलायचीच.

पाऊसपाण्याच्या वर्षांत हे सगळं फार छान चाललं होतं. खड्ड्याशी उभी राहून शिट्टी ओतलं जाणारं पाणी बघायची आणि मुलींची चेष्टा करायची. शिंपिणीच्या घरच्या पाण्यात रंगीत दोरे असायचे, न्हाव्याच्या घरच्या पाण्यात केस, मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या घरच्या पाण्यावर तेलाचा तवंग. "मला नावं सांगू नका," ती म्हणायची, "मी डब्यात बघून घर ओळखते." पाहुणे आले की हे हमखास करून दाखवायची आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे.

यंदा तलाव आटला. नळ बंद झाले. गावाला एकच विहीर उरली, तीही खोल गेलेली. विहिरीवर पाळी लावली आणि प्रत्येक घराला मोजक्या घागरी ठरल्या. आजूबाजूची शेतं, कुंपणं, झाडं सगळी एकाच मातकट रंगाची झाली. मैदान तेवढं हिरवं होतं. रस्त्याने जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून बघायचे. शिट्टीला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो ती लपवत नव्हती.

त्या सकाळी शिंपिणीची मुलगी मोकळ्या हाताने आली. अंगाने चिमुकली, म्हणून तिला सगळे बटण म्हणत. डाव्या बाजूने तिच्यासारखं पळणारं संघात कुणी नव्हतं.

"डबा?" शिट्टीने विचारलं.

बटण गळ्यात अडकवलेल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली.

"अगं, डबा कुठंय?"

"घरी धुणं नव्हतं ताई."

"धुणं नसेल तर भांड्यांचं पाणी आणायचं."

"भांडी आईने राखेने पुसली."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. शिट्टीने कमरेवर हात ठेवले. "अडचण सगळ्यांनाच आहे. आमच्या घरच्या गोलीने आणलाय. न्हाव्याच्या मुलीने आणलाय. त्यांच्या घरी काय समुद्र लागलाय?"

मुली हसल्या. सगळ्या हसताहेत म्हणून बटणही हसली.

"एकीला सोडलं की उद्या चौघी तेच सांगतील. नियम म्हणजे नियम. बस भिंतीवर."

बटण भिंतीवर जाऊन बसली. बूट तिने गळ्यातून काढून मांडीवर घेतले आणि खेळ संपेपर्यंत त्यांच्या तळव्यांची माती नखाने खरवडत राहिली. चेंडू एकदा भिंतीपाशी गेला तेव्हा तिने पाय पुढे केला आणि लगेच मागे घेतला. शिट्टीने ते पाहिलं. तिला थोडं वाईट वाटलं, पण शिस्त लागते ती अशीच, असं म्हणून ती मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी बटण काठोकाठ भरलेला डबा घेऊन आली. शिट्टीने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

*

घरात पाच माणसं. शिट्टी, नवरा, सासू, मोठी जाऊ आणि जावेची मुलगी. दीर टेम्पो घेऊन परगावी फिरायचा, महिन्यातून कधीतरी उगवायचा. जावेची मुलगी संघाची गोलकीपर, म्हणून गोली. हातापायांनी लांब, तोंडाने गप्प, आणि काकूवर तिचा जीव.

संस्थेच्या साहेबाचा फोन आला होता. रविवारी सामना ठेवायचा, संस्थेच्या प्रमुख बाई स्वतः येणार. त्यांना मैदान पसंत पडलं तर हीच रीत आणखी गावांत न्यायची आणि शिट्टीच्या संघाला शहरात महिनाभर शिकायला बोलवायचं. पसंत नाही पडलं तर संस्था हे मैदान सोडून दुसरीकडे बघेल. "दुष्काळातही हिरवं, हाच तर मुद्दा आहे," साहेब म्हणाला. "एक पिवळा ठिपका नको."

घरी आल्यावर शिट्टी हे सगळं उत्साहाने सांगत सुटली. सासू चुलीपाशी बसून डोकं खाजवत ऐकत होती. केसांच्या जटा झाल्या होत्या. अंगावरचे कपडे घामाने कडक होऊन कोपरापाशी पांढरे पडले होते. ओठ फुटले होते.

"रविवारी बाई चहाला आपल्याकडे येतील," शिट्टी म्हणाली. "आई, तेवढे कपडे बदला हं. आणि डोक्यावरून पाणी घ्या. खरं सांगू का, वास येतो."

"बदलते," सासू म्हणाली आणि भिंतीकडे सरकून बसली.

जावेने हातातलं पातेलं जमिनीवर आपटलं. शिट्टीला वाटलं, निसटलं असेल.

*

शुक्रवारी सकाळी शिट्टी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरली. चेंडूत हवा भरायचा पंप घरी राहिला होता. तो मागच्या पडवीत असायचा, म्हणून ती मागच्या दाराने शिरली.

जाऊ मोरीच्या कडेला बसली होती. समोर गोलीचा डबा. त्यात पाणी, इतकं नितळ की डब्याच्या तळाचा शिक्का वाचता येत होता. जाऊ साबणाची वडी पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी चोळत होती. फेस आला तशी तिने चुलीतली चिमूटभर राख टाकली, मग अंगणातली माती टाकली, आणि काठीने ढवळलं. ढवळून वाकून पाहिलं. रंग मनासारखा आला नसावा, तिने आणखी थोडी माती घातली.

"वहिनी, हे काय करताय?"

जाऊ दचकली नाही. काठी डब्याच्या काठावर झटकत म्हणाली, "सांडपाणी करतेय."

"हे तर विहिरीचं पाणी आहे."

"मग कशाचं असणार? सांडायला पाणी आहे का घरात? माणूस आधी वापरतो तेव्हा मग सांडतं ना."

"पण तुम्ही... कधीपासून?"

"त्या बटणीला तू भिंतीवर बसवलंस ना, त्याच्या कितीतरी आधीपासून. ती शिंपीण साधी बिचारी, तिला उशिरा सुचलं."

 शिट्टी पडवीच्या पायरीवर बसली. "म्हणजे सगळ्याच?"

"प्रत्येकीच्या घरात पोर आहे. पोरीला भिंतीवर बसलेलं कुणाला बघवेल?"

"मग मला सांगायचं ना एकदा."

"तुला?" जावेने साबणाचे हात मातीला पुसले. "तुझ्या तोंडात शिट्टी असते सारखी. तुला ऐकू कसं जाणार?"

शिट्टीला राग आला नाही, हेच वाईट. राग आला असता तर निदान भांडता आलं असतं.

"हे कुणाच्या वाट्याचं पाणी आहे?" तिने हळूच विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं.

जाऊ आत बघून बोलली. "मी म्हणाले, माझ्यातलं काढते. तर म्हातारी ऐकेना. म्हणाली, मला कुठं जायचंय नटून, माझी आंघोळ गोलीला द्या. आधी आंघोळ दिली. मग धुणं दिलं. आता पितानाही अर्धा पेला ठेवते बाजूला. आणि तू तिला काय म्हणालीस त्या दिवशी? वास येतो म्हणालीस."

शिट्टीने पायरीवरची माती बोटाने उगाच सारखी केली. पंप पडवीतच होता. तो तिने उचलला आणि मैदानाकडे चालू लागली. वाटेत तिला कुणीतरी "काय शिट्टी, आज उशीर?" म्हणालं. ती हसलीसुद्धा. चेहऱ्याला सवय असते.

*

त्या सकाळी ती खड्ड्याशी उभी राहिली आणि पहिल्यांदा नीट बघितलं. शिंपिणीच्या डब्यात एकही दोरा नव्हता. न्हाव्याच्या डब्यात एक केस नव्हता. मोटारवाल्याच्या पाण्यावर तवंग नव्हता. सगळ्या डब्यांत तोच फेस, तीच राख, तीच माती. डब्यात बघून घर ओळखणारी ती, कित्येक दिवस रोज बघत होती आणि तिला हे दिसलं नव्हतं. हिरवं गवत दिसत होतं, तेवढ्याने तिचे डोळे निवत होते.

बटण डबा ओतून बाजूला झाली आणि थोपटण्यासाठी पाठ जराशी पुढे करून उभी राहिली. शिट्टीने हात वर नेला, पण थोपटणं जमेना. तिने बटणच्या डोक्यावर हात ठेवला आणि "जा, पळ," म्हणाली.

मुली पळायला गेल्यावर ती नवऱ्यापाशी गेली. तो चुना कालवत होता.

"जाळी दाखवा."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता जाळी काढून आणली. जाळी स्वच्छ होती, दुकानातून आणल्यासारखी.

"अशी कधीपासून येतेय?"

"झाले बरेच दिवस."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

तो चुन्यात काठी फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत आहे."

जावेचं बोलणं लागलं होतं, पण हे जास्त लागलं. माणूस रोज शेजारी झोपतो आणि त्याला आपल्याबद्दल असं वाटू शकतं. आणि वाटलं ते अगदीच खोटंही नव्हतं. फेस हल्ली फार ताजा दिसतो, हे तिच्या मनात एकदा येऊन गेलं होतं. तिने ते तिथेच सोडून दिलं होतं.

*

दुपारी साहेब मोटारसायकलवरून आला. मैदान फिरून पाहिलं, गवतावर तळवा फिरवला, फोटो काढले. शिट्टीने त्याला गोलपोस्टच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. 

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाला, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"अख्ख्या गावाला. मला सोडून."

"म्हणजे बाहेर कुणाला नाही. बरं, ऐका. परवापर्यंत जाऊ द्या. बाई बघून जातील, मुलींचं शहराचं पक्कं होईल. सोमवारपासून तुम्ही नियम बदला. दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

"त्या पाटीवर लिहिलंय काय, साहेब!"

"पाटी खरी होती ना? वर्षानुवर्षं खरी होती. दोन दिवस चुकली तर चुकली. मुलींचा विचार करा. बटणसारखी मुलगी इथे राहून काय करणार, काजं-बटणं लावणार?"

शिट्टीला नाही म्हणायचं होतं. तिच्या डोळ्यांसमोर संघ शहराच्या मोठ्या मैदानावर उतरताना दिसत होता. आणि खोटं कशाला, त्या संघाच्या पुढे शिट्टी घेऊन चालणारी ती स्वतःही दिसत होती. ती गप्प राहिली. साहेबाने गप्प राहण्याचा अर्थ बरोबर घेतला आणि मोटारसायकल चालू केली.

संध्याकाळी नवरा नळी हातात घेऊन उभा राहिला. "सोडू पाणी?"

आतापर्यंत तिला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. तरी ती म्हणाली, "सोडा."

पाणी गवतात शिरताना सूं सूं आवाज येत होता. हा आवाज तिला आवडायचा. तिने कान झाकले नाहीत, पण ती तिथे थांबलीही नाही. घरी जाऊन सासूसमोर बसली आणि म्हणाली, "आई, पाणी प्या ना." सासू म्हणाली, "आत्ताच प्याले." पेला कोरडा होता. शिट्टीने तो घासल्यासारखा करून पालथा ठेवला.

शनिवारी सकाळीही डबे आले, आणि शनिवारी सकाळीही तिने ते ओतू दिले. एकच दिवस, असं स्वतःला सांगत. बटणला तिने त्या दिवशी नजर दिली नाही.

*

शनिवारी दुपारी सासू विहिरीवरच्या रांगेत कोसळली.

पाळी जावेची होती, पण गोलीच्या सामन्याचा पोशाख शिवायचा राहिला म्हणून जाऊ शिंपिणीकडे गेली आणि म्हातारी न सांगता घागर घेऊन निघाली. शिट्टी धावत पोचली तेव्हा बायकांनी तिला सावलीत आडवं केलं होतं. न्हाव्याची बायको आपल्या घागरीतलं पाणी तिच्या तोंडात बोटाने सोडत होती. सासूची जीभ जाड झाली होती, पाण्याला वाट देत नव्हती.

"सरका, मी उचलते," शिट्टी म्हणाली.

बायका सरकल्या. कुणी टोचून बोललं नाही. मोटारवाल्याची बायको नुसती म्हणाली, "सांभाळून, मान धरा." शिट्टीला वाटत होतं, कुणीतरी एक शिवी द्यावी. कुणी दिली नाही. उलट एकीने रांग सोडून सासूची घागर भरून घरी पोचवली.

सासूला पाठीवर घेऊन ती निघाली. म्हातारी कोंबडीइतकी हलकी झाली होती. हे वजन कुठे गेलं, ते शिट्टीला माहीत होतं. मैदानाच्या कडेने जाताना सासू पाठीवरून पुटपुटली, "हिरवं कसलं मस्त दिसतंय गं. गोली पडली तरी लागणार नाही."

"आई, बोलू नका."

"परवा ती पडली तेव्हा गुडघा फुटला नाही. आधी माती होती तेव्हा फुटायचा."

शिट्टी रडत चालत राहिली. दोन्ही हात अडकलेले, नाकातोंडाचं पाणी पुसायलाही हात नाही. गळ्यातली शिट्टी छातीवर आपटत होती.

डॉक्टरीणबाई येऊन सलाईन लावून गेल्या. म्हणाल्या, पाणी कमी पडलंय, आणखी काही नाही. आणखी काही नाही, हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं.

संध्याकाळी शिट्टी प्रत्येक मुलीच्या दारात गेली. आत कुठेच गेली नाही, उंबऱ्याबाहेरूनच सांगत होती. "उद्या डबा आणायचा नाही. यापुढे कधीच आणायचा नाही. मोकळ्या हाताने यायचं. मी चुकले." शेवटचं वाक्य ती प्रत्येक दारात म्हणाली. लोक म्हणाले, "बरं, बरं." शिंपीण म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात, आत तरी या." बटण आईच्या मागे उभी राहून ऐकत होती.

*

रविवारी शिट्टी मैदानावर पोचली तेव्हा मुली आधीच आल्या होत्या. खड्ड्यापाशी रांगेत उभ्या. प्रत्येकीच्या हातात डबा.

"मी काय सांगितलं होतं काल?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. न्हाव्याची मुलगी धीर करून म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही परीक्षा बघताय ताई."

"कसली परीक्षा?"

"म्हणजे... नका आणू म्हटल्यावर कोण आणतं, कोण नाही. एकदा तुम्ही पळू नका म्हणाला होतात पावसात, आणि ज्या पळाल्या त्यांना शाबासकी दिली होती."

दिली होती. शिट्टीला ते आठवलं. तेव्हा तिला तो फार मोठा धडा वाटला होता.

रांगेच्या टोकाला बटण होती. तिच्या दोन्ही हातांत डबे होते. वजनाने खांदे खाली ओढले गेले होते, बोटांना वळ पडले होते, पण तिने डबे जमिनीवर टेकवले नव्हते.

"तुझ्याकडे दोन का गं?"

"एक आजचा," बटण म्हणाली. "एक त्या दिवसाचा राहिला होता."

शिट्टी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने बटणची बोटं एकेक करून डब्यांच्या कड्यांवरून सोडवली.  मुलींनी ताईला असं कधी पाहिलं नव्हतं. गोली पुढे आली आणि काकूच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

शिट्टी उठली. "आपापला डबा घरी घेऊन जा. साबण घातलाय ना? मग त्यात कपडे धुवा. आईचे, आजीचे, ज्यांचे राहिलेत त्यांचे. आणि परत या, सामना आहे." मग गळ्यातली शिट्टी काढून तिने गोलीच्या गळ्यात घातली. "मला यायला उशीर झाला तर तू वाजव."

बटणचे दोन डबे तिने स्वतः उचलले आणि शिंपिणीच्या दारात नेऊन ठेवले. मग घरी येऊन गोलीचा डबा मोरीत घेतला. सासूला हाताला धरून पाटावर बसवलं. पाणी साबणाचं होतंच. ती ते थोडं थोडं म्हातारीच्या डोक्यावर घालू लागली, जटा बोटांनी सोडवू लागली. खाली परात धरली होती. परातीत उतरणारं पाणी काळं होतं.

"एवढा मळ!" सासू ओशाळली. "बघू नकोस तू."

"बघू द्या मला," शिट्टी म्हणाली.

एवढ्यात मागच्या दाराशी मोटार थांबल्याचा आवाज आला. साहेब घामाघूम होऊन आत डोकावला आणि जीभ चावून मागे झाला. त्याच्यामागे प्रमुख बाई होत्या, पिकल्या केसांच्या, पायात खेळायचे बूट.

"मैदान पाहिलं," बाई दाराबाहेरून म्हणाल्या. "फार सुंदर आहे. साहेब म्हणाले, तुम्ही गाव कामाला लावलंत. म्हटलं, तुम्हाला भेटावं. कसं राखलंत एवढं हिरवं?"

साहेब बाईंच्या खांद्यामागून शिट्टीकडे बघत होता. त्याने हात जोडले नव्हते, पण चेहरा जोडलेल्या हातांसारखाच होता.

शिट्टी उठली नाही. सासूचं डोकं तिच्या हातात होतं. "बाई," ती म्हणाली, "ते गवत नाही. ती ह्यांची आंघोळ आहे. ह्यांचं पिण्याचं पाणी आहे. गावातल्या प्रत्येक घरातलं आहे. मी मागितलं आणि त्यांनी दिलं. मी बघितलंच नाही काय देताहेत. शुक्रवारी बघितलं, आणि तरी शनिवारी घेतलं."

बाईंनी वळून साहेबाकडे पाहिलं. साहेब जमिनीकडे बघत राहिला.

"ते सगळं नंतर," सासू मोरीतून ओरडली, "आधी दार लोटा कुणीतरी. मी उघडी बसलेय."

दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने मोटार सुरू झाली, ती मैदानाकडे गेली की शहराकडे, ते शिट्टीने पाहिलं नाही. लांबून शिट्टी ऐकू आली. गोलीने वाजवली होती, जरा जास्तच जोरात.

सासूचे कपडे शिट्टीने त्याच पाण्यात धुतले, पिळले, वाळत टाकले. परातीतलं काळं पाणी मोरीत ओतायला लागली तशी सासूने तिचं मनगट धरलं.

"फेकतेस कुठं? हे तर खरंखुरं आहे ना आता? घेऊन जा मैदानावर."

"आई, नको."

"जा म्हणते ना. एवढं ते गवत वाढवलंय माझ्या जिवावर, आता मारतेस का?" आणि ती हसली. फुटलेल्या ओठातून रक्ताचा थेंब आला.

शिट्टीने पाणी डब्यात ओतलं आणि मैदानावर गेली. खेळ चालू होता. बटण डाव्या बाजूने पळत होती. पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे शिट्टीने मुद्दाम पाहिलं नाही. खड्ड्यापाशी नवरा उभा होता. फाटकावरची पाटी त्याने उतरवून भिंतीला पालथी टेकवली होती. तिने डबा त्याच्या हातात दिला. त्याने तो सावकाश ओतला. मग वाकून जाळी उचलली आणि तिच्यासमोर धरली.

जाळीत सासूचे पांढरे केस होते.